वजन कुठून कुठे जाते
(दहावी मार्च १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल थोडे बोलायचे, असे संयोजकांनी ठरवले आहे. सकाळपासून शिक्षक बोलले, हळदीचे व्यापारी बोलले, एसटीतले मित्र बोलले. त्यांचे काम काय असते हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्या सासूबाईंना मात्र माझे काम समजायला सहा वर्षे लागली. त्या शेजारणींना सांगायच्या, "सून घराचे नकाशे काढते." नकाशा मी काढत नाही. तो आर्किटेक्ट काढतो. घर मी बांधत नाही, ते गुत्तेदार बांधतो. या दोघांच्या मधे एक माणूस लागतो, जो सांगतो की कॉलम किती जाडीचा, त्यात कोणत्या नंबरची सळई, किती अंतरावर रिंगा, आणि खाली फुटिंग किती खोल. तो माणूस म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर. आपल्या ग्रुपवर मात्र सगळ्यांना माझे काम बरोबर माहीत आहे असे दिसते. कारण सकाळी 'सुप्रभात'च्या खाली मला कुणाच्या ना कुणाच्या भिंतीच्या भेगेचा फोटो आलेला असतो!

काम एका वाक्यात सांगायचे तर वजन कुठून कुठे जाते, हे शोधायचे. दहा बाय बाराची साधी खोली घ्या. तिच्यावर पाच इंची स्लॅब टाकला, तर नुसत्या स्लॅबचे वजन साडेतीन टन, म्हणजे पस्तीस क्विंटल सोयाबीन झाले. त्यावर हजार लिटरची पाण्याची टाकी ठेवली की आणखी दहा क्विंटल. हे सगळे वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलममधून फुटिंगवर आणि तिथून जमिनीत गेले पाहिजे. वाटेत कुठेही अडले की तिथे भेग पडते. गणिताचे सर समोर बसले आहेत म्हणून सांगते, यात लागणारे बरेचसे गणित दहावीपर्यंतचेच आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा, की एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. बारा नंबरची सळई मीटरला ०.८९ किलो. लोखंडाची गाडी आली की घरमालकाने चार तुकडे मोजून काट्यावर ठेवले तरी फसवणूक कळते.

लोकांना वाटते, मी दिवसभर कॉम्प्युटरवर आकडेमोड करते. करते, पण तो दिवसाचा तिसरा हिस्साही नसतो. बाकीचा वेळ फोनवर, मोटारीत आणि सेंट्रिंगच्या फळ्यांवर जातो. स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी जाऊन लोखंड तपासायचे, हे माझे सर्वांत आवडते आणि सर्वांत भांडणाचे काम. गॅलरीचेच घ्या. गॅलरी भिंतीबाहेर लोंबते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. मिस्त्री ती वर बांधतोही. मग काँक्रीटची घमेली घेऊन माणसे तिच्यावरून चालतात आणि सळई दबून मधोमध येते. पाच इंची स्लॅबमध्ये सळई दीड इंच खाली गेली, तर गॅलरीची ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते. सळई तेवढीच, सिमेंट तेवढेच, पैसे तेवढेच गेले, आणि वरून पाहिले तर काही दिसत नाही. मग मी सळईखाली लोखंडी खुर्च्या लावा म्हणते. मिस्त्री म्हणतो, "मॅडम, वीस वर्षं झालं सेंट्रिंग करायलो, एक बी गॅलरी पडली नाही." त्याच्याशी वाद घालत नाही. माझ्या डिकीत खुर्च्या असतात, त्या काढून देते.

हळदीच्या गोदामांचे काम वेगळे. आपल्याकडे वसमत, हिंगोली भागात गेल्या काही वर्षांत पत्र्याची शेडे भराभर उभी राहिली. तिथे मालक विचारतो, "पत्रा तर हलका, मग एवढे मोठे फुटिंग कशाला?" वादळात वारा पत्र्याला वर उचलतो. तेव्हा फुटिंग वजन पेलायला नसते, शेडला जमिनीला धरून ठेवायला असते. आणि पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवून लावू नका, हे सांगून माझा घसा बसला आहे. विटांची भिंत वरून येणारे वजन घेते, बाजूने येणारा रेटा तिला सोसत नाही. ती हळूहळू पोट काढते.

पण आपल्या जिल्ह्यात माझा निम्मा व्यवसाय चालतो तो काळ्या मातीवर. जी माती कापूस, सोयाबीन पिकवते, तीच घरे मोडते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात आटून तिला पाय जाईल अशा भेगा पडतात. दरवर्षी फुगणे आणि आटणे, आणि वरचे घर तिच्याबरोबर वरखाली. दार पावसाळ्यात लागेनासे होते आणि उन्हाळ्यात पुन्हा लागते, हे ज्यांच्या घरी घडते त्यांनी सुताराला दोष देऊ नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी भेग दिसली, की मी आधी जमिनीकडे पाहते. यातली उलटी गोष्ट अशी की, मोठ्या घरापेक्षा लहान घराला हा त्रास जास्त होतो. तीन मजली इमारत आपल्या वजनाने माती दाबून धरते. घरकुलाला ते जमत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचे घर किमान पंचवीस चौरस मीटरचे, त्याचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे, त्याच्या घराखाली सर्वांत जास्त हलणारी जमीन.

यावर उपाय नवे नाहीत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले पाइल रुजवले. जमिनीच्या वरच्या दहा-बारा फुटांत ओल कमीजास्त होत राहते, त्याखाली हा फुगवटा घट्ट बसतो. मुंबई आयआयटीच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी दाखवून दिले की, मधे न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा जाड थर दिला तर खालच्या मातीचा फुगारा पुष्कळच आवरतो. आज आपल्याकडचे गवंडीसुद्धा 'काळी काढून मुरूम भरा' म्हणतात. फक्त तो मुरूम कसला, आणि थराथराने पाणी मारून, धुमस करून भरला की ट्रॉली उलटी करून मोकळे झाले, हे कुणी पाहत नाही.

सेनगाव तालुक्यातल्या आपल्या एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघराची भिंत दरवर्षी फाटायची. चार वेळा प्लास्टर झाले. तिच्या दिरांनी घर पाडायचे ठरवले होते. मी जाऊन भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली, शेजारी तारीख लिहिली आणि दर महिन्याला फोटो पाठवायला सांगितले. भेग उन्हाळ्यातही वाढतच होती. ही काळ्या मातीची नेहमीची चाल नव्हे. पाणी कुठून तरी येत होते. न्हाणीच्या मागे सोसखड्डा होता, भिंतीपासून तीन फुटांवर. तो बंद करून पाणी लांब नेले, घराभोवती तीन फूट रुंद फरशी केली, उतार बाहेर दिला. खर्च पाचव्या प्लास्टरइतकासुद्धा आला नाही. घर उभे आहे. ती आज इथे आली आहे, आणि माझ्यासाठी आणलेले ज्वारीचे पापड माझ्या पिशवीत आहेत.

आता जे सांगायला खरे तर मी उभी आहे, तिकडे येते.

आपण दहावीत होतो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, विसर्जन झाले, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आपणही जागे झालो होतो. त्या वेळी आपला जिल्हा परभणी, हिंगोली जिल्हा व्हायला अजून सहा वर्षे होती. भूकंपाची तीव्रता ६.२, मृत्यू दहा हजारांच्या आसपास. पुढे शिकताना मला कळले की, एवढी माणसे भूकंपाने जितकी मेली त्याहून जास्त घरांनी मारली. दगड-मातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नाहीत. वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे माळवद आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते, मीही त्यावर झोपलेली आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर मातीचा थर चढायचा. तो दीड फुटाचा झाला की दहा बाय बाराच्या खोलीवर साडेआठ टन माती होते. स्लॅबच्या दुपटीहून जास्त. जमीन हलली, भिंतीचे दोन थर सुटे झाले आणि हे साडेआठ टन झोपलेल्या माणसांवर आले.

किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. नंतर नकाशा बदलला. २००२ च्या नकाशात तो भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला आणि आपला बहुतेक भाग दुसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या पट्ट्यात राहिला. 'आपल्याकडे भूकंप होत नाही' हे वाक्य मला गुत्तेदार, सरपंच आणि आपले मित्र सारखेच ऐकवायचे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, ही बातमीही वर्षानुवर्षे लोकांनी चहाबरोबर वाचली. मग २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होते.

घाबरवायचे नाही, म्हणून हेही सांगते. ४.५ आणि ६.२ मध्ये १.७ चाच फरक दिसतो, पण किल्लारीची ऊर्जा आपल्या धक्क्याच्या साधारण साडेतीनशे पट होती. मोठा धक्का येणार की नाही, कधी येणार, हे मी सांगू शकत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर जो सांगतो त्यालाही ते सांगता येत नाही. घर कसे बांधायचे, हे मात्र सांगता येते.

त्या मार्चमध्ये प्रशासनाने आवाहन केले की, पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. किती जणांनी हसण्यावारी नेले! मला तो सर्वांत शहाणा सल्ला वाटला. पत्रा उडू नये म्हणून आपण दगड ठेवतो, आणि तोच दगड धक्क्यात खाली येतो. दहा रुपयांच्या हुकाने पत्रा बांधला तर दगडाची गरजच नाही.

जुलैनंतर दोन महिने मी गावोगाव भिंती पाहत फिरले. बहुतेक भेगा जुन्याच होत्या, धक्क्यानंतर पहिल्यांदा नजरेला पडल्या इतकेच. एका तांड्यावर एक म्हातारी मला हात धरून आत घेऊन गेली. "बाई, रातच्याला आत निजू का भाईर, एवढं सांग." पावसाचे दिवस, बाहेर चिखल. मी भिंत ठोकून पाहिली, आवाज पोकळ येत होता. आतला थर सुटला होता. त्या खोलीत झोपू नका म्हटले, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत झोपा, आणि त्या पत्र्यावरचे सात दगड तिच्या नातवाला तिथल्या तिथे उतरवायला लावले. माझ्या पंचवीस वर्षांच्या कामात कागदावर न उतरलेला, पण मला सर्वांत जबाबदारीचा वाटलेला सल्ला तो.

नव्या घरात काय करायचे? फार नाही. दारे-खिडक्यांच्या वरून काँक्रीटची पट्टी चारही भिंतींवर सलग फिरवा. नुसती खिडकीपुरती तोडून टाकू नका. आपण गाठोडे दोरीने बांधतो तसे ती घर बांधून ठेवते. कॉलमच्या रिंगेची टोके काटकोनात न वाकवता १३५ अंशांत, म्हणजे आतल्या बाजूला वळवा. काटकोनातली रिंग जोराच्या हादऱ्यात उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आतल्या वळणाला रिंगेमागे तीन-चार इंच सळई जास्त लागते, बस्स. तरी दर साइटवर मला रिंगा उलट्या-सुलट्या करून दाखवाव्या लागतात.

जाता जाता एक गंमत. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळा इथे लायगो प्रकल्प होतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात. त्या इतक्या सरळ हव्यात की चार किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई एक मीटरहून जास्त फरक पाडते, तोही पाया घालताना हिशेबात धरावा लागतो. आणि तिथून थोड्याच अंतरावर नागनाथाचे मंदिर आहे. खालचे काम कोरीव काळ्या दगडाचे, वरचे अहिल्याबाई होळकरांच्या काळातले. आपल्या सहली तिथे जायच्या. आता गेलात तर दर्शनाच्या रांगेत दगडांचे सांधे पाहा, ज्यांनी ते बसवले त्यांना वजनाची वाट पुरती ठाऊक होती.

एक गोष्ट सांगू की नको, असे वाटत होते. पण तो स्वतःच काल म्हणाला, "सांग, नाव नको घेऊ." आपल्यातल्याच एकाचे मंगल कार्यालय आहे. खाली एक मजली हॉल, वर पाहुण्यांसाठी दोन मजले खोल्या काढायच्या होत्या. मला बोलावले. मी दोन कॉलमच्या बाजूने खड्डे घेऊन फुटिंग मोजले, काँक्रीट हातोड्याच्या यंत्राने तपासले, तीन रात्री गणित केले. कॉलम नऊ बाय बाराचे, फुटिंग एकाच मजल्याच्या हिशेबाचे. दोन मजले बसत नव्हते. कॉलमला बाहेरून काँक्रीटचे कवच देऊन, फुटिंग रुंद करून एक मजला चढवता येईल, असे मी लिहून दिले. खर्च त्याला परवडणारा नव्हता. तो म्हणाला, "अगं, तुला फक्त सही तर करायची आहे."

मी केली नाही. त्याने दुसरीकडून करून आणली. दोन वर्षे आम्ही बोललो नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते. दोन्ही मजले उभे आहेत. तिथे लग्ने होतात. मला बरेच जण म्हणाले, "बघ, काही झाले का?" नाही झाले. हॉल रोज रिकामाच असतो, वर दहा-वीस माणसे. भरल्या लग्नात, वरच्या सगळ्या खोल्या भरलेल्या, गच्चीवर टाक्या भरलेल्या आणि त्याच सकाळी ६ वाजून ८ मिनिटे, असे अजून झालेले नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक वादळात पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसे गेली. तोही आदल्या दिवसापर्यंत उभाच होता. त्या प्रकरणात स्थैर्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्यालाही अटक झाली. ती बातमी वाचून याने मला रात्री अकराला फोन केला. दोन वर्षांनंतरचा पहिला फोन. काहीच बोलला नाही, नुसते "कवचाचा खर्च आता किती येईल?" एवढेच विचारले. खालच्या सहा कॉलमचे काम मागच्या दिवाळीनंतर झाले. उरलेले आठ येत्या लग्नसराईनंतर करायचे ठरले आहे. तोवर वरचा मजला बंद ठेव, असे मी त्याला सांगितले आहे आणि इथे सर्वांदेखत पुन्हा सांगते आहे.

आता आपल्या शाळेविषयी. मेळाव्याच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधायची, असे ठरल्याचे मला कळले. कमानीला माझा विरोध नाही, तिचे डिझाइन मी फुकट करून देईन. पण काल संध्याकाळी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी आपल्या वर्गांवरून फिरले. जुन्या कौलारू वर्गांच्या भिंती चांगल्या आहेत. काळजी नव्या समजल्या जाणाऱ्या स्लॅबच्या वर्गांची आहे. पाचवी ते सातवीच्या व्हरांड्यात स्लॅबच्या पोटाला सळईच्या रेषेने भेगा आहेत. दोन ठिकाणी पोपडा पडून सळई उघडी आहे. सळई गंजली की कित्येक पटीने फुगते आणि आपल्याभोवतीचे काँक्रीट फोडते. हे वर नुसते प्लास्टर करून बरे होत नाही, आतून झाकले जाते इतकेच. पोकळ भाग ठोकून काढायचा, सळई घासून गंजरोधक लावायचे, नीट मसाला भरायचा आणि त्याआधी गच्चीवरची गळती थांबवायची. गच्चीच्या कठड्यातून पिंपळ उगवला आहे, तो मुळासकट काढावा लागेल. आणि मुतारीच्या छतावर दोन हजार लिटरची टाकी नंतर आणून ठेवली आहे. त्या छताखाली बीम नाही. ती टाकी मी काल अर्धी रिकामी करून घेतली आहे, शिपाईमामांना पूर्ण भरू नका असे सांगितले आहे.

त्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत मुले डबे खायला बसतात. आपणही बसत होतो.

माझा अंदाजपत्रकाचा कागद संयोजकांकडे दिला आहे. कमानीच्या खर्चापेक्षा तो थोडा कमीच आहे. संध्याकाळच्या बैठकीत त्यावर बोलू. ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे, त्यांनी जेवणानंतर व्हरांड्यात या. शिडी आणि हातोडी मी आणली आहे, आणि पोकळ आवाज कसा ओळखायचा हे पाच मिनिटांत शिकवते. गुरुजनांनी मात्र खालीच थांबावे, ही विनंती.